शेजाऱ्याचा पगार

आयर्लंडमध्ये शेजाऱ्याला पगार विचारणं हा कायद्याने गुन्हा नाही. मी चौकशी केली आहे. (नंतर!)

२०२१ साल, लॉकडाऊन चालू, आणि पुण्याहून माझी धाकटी बहीण मंजू फोनवर आली. आली कसली, कोसळलीच! तिच्या मुलाला, तन्मयला, इथे लिमरिकला सायबर सिक्युरिटीच्या मास्टर्सला प्रवेश मिळाला होता. बँक कर्ज द्यायला तयार होती, फक्त तारण म्हणून कोथरूडचा फ्लॅट मागत होती. मंजू आणि तिच्या नवऱ्याची आयुष्यभराची कमाई म्हणजे तो फ्लॅट.

"दादा, सोमवारी सही करायचीय. हा कोर्स करून सुरुवातीला हातात किती पडतात?"

"मंजू, मी लिमरिकशेजारी शॅननला कॅथेटरच्या नळ्यांच्या कारखान्यात आहे. मला काय माहीत? नेटवर बघ."

"नेटवर कॉलेजच्या जाहिराती आहेत. त्यात सगळीच पोरं हसतायत! तुमच्या शेजारचा मुलगा हेच काम करतो ना? त्याचा पगार विचार."

"इथे असं विचारत नाहीत गं."

"इतकी वर्षं राहतोस आणि शेजाऱ्याचा पगार माहीत नाही? मग करतोस काय तिथे?"

हे मात्र झोंबलं. आमच्या पुण्याच्या सोसायटीत प्रत्येकाचा पगार, बोनस आणि शुगर सगळ्या जिन्याला पाठ असायची. आणि इथे, वर्षानुवर्षं पावसावर गप्पा मारून, माझ्याकडे माहिती शून्य!

लगेच बाहेर पडलो. शेजारचे पॅट, म्हणजे त्याच मुलाचे, कोनरचे वडील, कुंपणाची झुडपं कापत होते.

"कोनर कसाय?"

"ही इज ग्रँड." म्हणजे आयरिश भाषेत 'मजेत'.

"काम?"

"ग्रँड, ग्रँड."

"आणि पगार किती मिळतो?"

कात्री थांबली. पॅट आधी आभाळाकडे, मग माझ्याकडे बघत राहिले. "ही इज... ग्रँड," एवढं म्हणून ते अर्धं कुंपण तसंच सोडून घरात निघून गेले!

"ग्रँड म्हणजे किती? आकडा सांग!" फोनवर मंजू ओरडली. घरात माझी लेक त्याहून जोरात ओरडली, "बाबा! यू कान्ट आस्क पीपल दॅट! आय'ल हॅव टू चेंज स्कूल!"

माझंही डोकं फिरलं. अरे, एका कुटुंबाचं घर पणाला लागलंय आणि यांना कसली लाज? दुसऱ्या दिवशी बायकोने केलेल्या चकल्या घेऊन थेट कोनरच्या आईकडे गेलो. यावेळी जरा आडवळणाने घेतलं. म्हटलं, "घरभाडं, कर्जाचा हप्ता जाऊन आजकाल माणसाकडे उरतं तरी काय हो?"

तिने चकल्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि छातीवर हात ठेवला. "आर यू ऑल राइट, लव्ह?"

संध्याकाळी आमच्या दारात ब्राउन ब्रेड. सकाळी बटाट्यांची पिशवी. दुपारी समोरच्या आजींकडून सूप, आणि शनिवारी कुणाचा तरी जुना, पण इस्त्री केलेला कोट!

"माझी नोकरी शाबूत आहे!" मी रस्त्यात उभा राहून ठणकावलं.

"ऑफ कोर्स इट इज," आजी इतक्या मायेने म्हणाल्या की मलाच क्षणभर शंका आली.

रविवारी कोनर स्वतः फाटकाशी आला. मास्क लावून, अंतर राखून. "नो शेम इन इट," म्हणाला आणि माझं सांत्वन करायला त्याने घडाघडा सगळं सांगितलं. पहिला पगार, कर कापून हातात आलेला आकडा, निम्मा पगार भाड्यात कसा जायचा, कर्ज फेडताना कसे नाकी नऊ आले. शेवटी आईवडिलांकडे परत येऊन घरूनच काम केलं, तेव्हा कुठे कर्ज फिटलं. माहितीच्या आनंदाने माझे डोळे पाणावले. त्याने त्याचाही वेगळाच अर्थ काढला.

मंजूला फोन केला. तिने हिशेब मांडला.

"म्हणजे भाडं भरलं तर मेला. आणि भाडं नसेलच तर?"

"मग आरामात फिटेल. राहण्याखाण्याचा खर्च वगळला तर कर्ज निम्म्यावर येईल, बँक तारणही मागणार नाही. पण फुकट ठेवून घेणारा मूर्ख कोण..." वाक्य अर्ध्यात असतानाच मला उत्तर दिसलं.

"दादा! मामाचं घर असताना पोराने भाडं कशाला भरायचं?"

फ्लॅट वाचला. मंजू फोनवर रडली, आणि खरं सांगतो, मीही रडलो. कारणं वेगळी असतील.

सप्टेंबरात तन्मय दोन अवाढव्य बॅगा आणि महाभूक घेऊन दाखल झाला. पॅटनी कुंपणापलीकडून त्या बॅगा पाहिल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"फेअर प्ले टू यू, शाब्बास! भाडेकरू ठेवलास ना? तेवढाच हातभार."

काय सांगू त्यांना? भाडेकरू असता तर भाडं तरी दिलं असतं!