जुना पिकअप

परवा माझ्या उणकलमधल्या घरी मिक्सर दुरुस्त करताना सोल्डरिंगचा वास दरवळला आणि धारवाडची एक दुपार आठवली. माझा थोरला भाऊ, अण्णा, ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. तिचा पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडणारं चुंबक, जुना झाला होता. जवळ कुणी बोललं तरी ते स्पीकरमधून ऐकू यायचं.

मी नवा सोल्डर करून बसवण्याआधी अण्णा तारांवर वाकून म्हणाला, "आई, चहा ठेव गं!" विहिरीतून यावी तशी हाक घुमली.

"असं लांबून बोलावू नकोस रे, जीव घाबरतो," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

नव्या पिकअपमधून फक्त तारा वाजल्या. आम्ही खूश झालो.

त्याच वर्षी थंडीत कार्यक्रमाहून परतताना गाडी उलटली आणि अण्णा गेला.

पुढे एकदा आईने विचारलं, "तो जुना परत लावतोस का?" मी लावला. ती स्पीकरसमोर बसून राहिली. नुसती घरघर येत होती. तेव्हा मला आईची भीती वाटली होती. आज मीही तसाच कान देऊन बसलो असतो.

शेवटी गिटारवर वाकून मी म्हणालो, "आई, बंद करू?" माझा आवाज स्पीकरमधून लांबून आल्यासारखा आला.

आई माझ्याकडे वळली नाही. स्पीकरकडे बघत म्हणाली, "नको रे राजा. बोल अजून."