ती ओळ मी तोडली

हातात ओवाळणीचं ताट, गळ्यात आईची जड चांदी. मला कॉलेजच्या दारात उभं केलं होतं. पाहुणे आत गेले, मी बाहेरच राहिले. आणि आत प्रयोगशाळेत माझं काम दुसऱ्याच्या नावानं दाखवायला सुरुवात झाली.

मी धडगावच्या वरच्या एका पाड्यावरची. पावरा आदिवासी. शहाद्याजवळच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. वर्गात डोंगरातली मी एकटी. सर आमचे विभागप्रमुख, तापीकाठच्या बागायतदार घरातले. फळ्यासमोर पुस्तकी मराठी, चिडले की अहिराणी. चेतन त्यांचा भाचा, माझ्याच वर्गात.

काम काय होतं ते सांगते. सरांच्या केळीच्या बागेतल्या ठिबकचं गणित होतं. पाइपाच्या कुठल्या सांध्यावर पाण्याचा दाब किती, ते काढायचं. शेकडो सांधे. त्यांचा तक्ता मांडला की जिकडे तिकडे शून्य, कारण एक सांधा फार तर दोन-तीन सांध्यांना जोडलेला. साधा प्रोग्राम त्या शून्यांचेही गुणाकार करत बसतो. आपण लिहिलेलं गणित मशीनच्या सूचनांमध्ये उतरवणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. मी लिहिलेला कंपायलर आधी तक्ता बघायचा, शून्यं सोडून द्यायचा आणि उरलेल्या आकड्यांचंच काम मशीनला लावायचा. मशीन म्हणजे तळहाताएवढा बोर्ड. त्याची आतली जोडणी आपल्याला हवी तशी बदलता येते. त्यात मी गुणाकार करणारे चार भाग बसवले होते. वर्ष गेलं त्यात. रविवारीसुद्धा हॉस्टेलवरून चालत यायचे.

फेब्रुवारीत सरांनी ते पाहिलं. "चेतनला एक कॉपी देऊन ठेव. रेकॉर्डला लागते." मी दिली.

पुढे पुण्याच्या चिप बनवणाऱ्या कंपनीतल्या एक मॅडम कॉलेज बघायला येणार असं ठरलं. सरांनी मला बोलावलं.

"तू तुमच्या पोशाखात ये. स्वागताला. पाहुण्यांना आवडतं."

"आणि प्रोजेक्ट, सर?"

"ते चेतन सांगेल. तुझं बोलणं तसं शुद्ध नाही."

मी हो म्हटलं. हे लपवणार नाही. प्रोजेक्टचे मार्क त्यांच्या हातात होते, आणि मी हो म्हटलं. आईला सांगितलं, कॉलेजात माझा मान आहे. तिनं अंगावरची चांदी उतरवून माझ्या हातात दिली.

त्या दिवशी पाहुणे आत गेल्यावर अर्ध्या तासानं सर दारात आले. कपाळावर घाम. "चाल आत. बंद पडी गयं."

मॅडमनी स्वतःचा एक तक्ता चालवायला दिला होता. त्यात एक ओळ आकड्यांनी गच्च भरलेली. चेतनकडच्या कॉपीनं ती अख्खी ओळ एकाच भागाला दिली. त्या भागातली जागा भरली आणि बोर्ड अडकला. बाकीचे तीन भाग रिकामे बसलेले. हे मला मार्चमध्ये कळलं होतं. तेव्हा मी कंपायलरला अशी ओळ तोडायला शिकवलं होतं. चार तुकडे चौघांना द्यायचे, बेरजा शेवटी एकत्र करायच्या. चेतनकडे ते नव्हतं. त्याची कॉपी फेब्रुवारीची.

सर माझ्या कानाशी वाकले. "चालू करी दे आनि बाहेर जाय. काही बोलू नको."

मी कमरेला खोचलेला माझा पेनड्राइव्ह लावला, त्यात मार्चनंतरची कॉपी होती. बोर्ड चालला. उत्तर आलं, पडद्यावर त्या ओळीचे चार तुकडेही दिसले.

मॅडमनी विचारलं, "ही ओळ तोडायची कल्पना कुणाची?"

मी तोंड उघडलं होतं. सर बोलून गेले, "चेतनची. ही लॅबमध्ये मशीन चालू-बंद करते. आदिवासी असूनही हुशार आहे."

कुणीतरी हसलं. मॅडम माझ्या गळ्याकडे बघत होत्या. "किती सुंदर. एक फोटो काढू?"

मी उभी राहिले. फोटो काढू दिला. मग ताट उचललं आणि बाहेर आले.

शनिवारी चांदी परत द्यायला घरी गेले. आईनं पावरीत विचारलं, "काय म्हणाले तुला?" मी म्हटलं, "चांगलं म्हणाले." ती शेजारणीला सांगायला धावली. तिच्या पाठीकडे बघत मी उंबऱ्यावर बसले. माझं काम त्यांनी घेतलं होतं. आता खोटंही मीच बोलत होते, त्यांच्या वतीनं. त्या उंबऱ्यावर मला स्वतःची किळस आली.

सोमवारी सरांनी एक कागद पुढे केला. प्रोजेक्ट चेतनचा. माझं नाव खाली, 'सहाय्य' म्हणून. सही करायची होती. चेतन शेजारी उभा होता.

मी म्हटलं, "ती ओळ का अडकली ते चेतननं सांगावं. आत्ता. सांगितलं तर सही करते."

चेतननं सरांकडे बघितलं.

सर म्हणाले, "तुले पास व्हवानं शे का नही?"

"व्हायचं आहे, सर. सही करणार नाही. कल्पना माझी आहे."

"तुले काय वाटस, लोक तुन्हं ऐकतीन?"

मी कागद टेबलावर ठेवला. पेनाला मी शिवले नाही.

प्रोजेक्टमध्ये नापास झाले. चेतनला त्या कंपनीचं बोलावणं आलं. हॉस्टेल सुटलं. लॅपटॉप आणि बोर्ड कॉलेजचे होते, ते जमा केले. विद्यापीठाला अर्ज केला, सगळ्या फाइली जोडून. उत्तर नाही. पाड्यावर परत आले. दिवस जाता जात नाही. शिकलेलं सगळं डोक्यात सडत चाललंय असं वाटतं. कधीकधी वाटतं, सही करून टाकली असती तर आज कुठे असते.

आईला खरं सांगितलं. ती म्हणाली, "ती बाई विचारत होती, तेव्हा का नाही बोललीस?"

भीती होती, एवढंच.

पुढच्या परीक्षेचा फॉर्म मी भरलाय. प्रोजेक्ट तोच. बोर्ड नसला तर फळ्यावर मांडीन, एकेक आकडा. समोर सर असतील, नापास करायचा अधिकार त्यांचाच असेल. करू देत. मी पुन्हा फॉर्म भरीन. पण कल्पना कुणाची, असं कुणी विचारलं तर सरांना तोंड उघडू देणार नाही. आणि कुणी विचारलं नाही, तर न विचारता सांगीन. माझ्या अशुद्ध मराठीत.