दोन्ही तारखा रिकाम्या

लाकडाच्या पॉलिशचा वास आला की मला बोरीवलीतलं आमचं फुटलेलं दार आठवतं. ताई मारकुट्या नवऱ्याला सोडून माझ्याकडे राहायला आली, तेव्हा सोसायटीच्या गेटवरच्या ॲपमध्ये त्याचा पाहुणा म्हणून काढलेला जुना पास तसाच होता. मी सेक्रेटरीकाकांना तो बंद करायला सांगितला. काकांनी ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या दोन्ही तारखा पुसून टाकल्या. म्हणाले, “झालं गं, आता कसा आत येतो तेच बघतो!” पण ॲपच्या लेखी रिकामी तारीख म्हणजे मर्यादाच नाही, आणि दोन्ही रिकाम्या म्हणजे कधीही या. रविवारी दुपारी गेटवर हिरवा दिवा लागला आणि तो हातोडा घेऊन वर आला. दाराची नुकतीच पॉलिश केलेली फळी फुटली, ताई किंचाळली, एक घाव माझ्या कोपरावर बसला. मी दुसऱ्या हाताने ओट्यावरचा कुकर उचलून त्याच्या थोबाडावर हाणला, तेव्हा कुठे तो रक्त थुंकत खाली बसला. मीही पोटासाठी असल्याच ॲपचे प्रोग्राम लिहिते. परवा ऑफिसात शेजारच्या सहकाऱ्याला विचारलं, “‘पासून’ आणि ‘पर्यंत’, दोन्ही तारखा रिकाम्या आल्या तर काय करायचं?” “असं कोण भरतं, यार?” तो हसला. मी बाही वर सारून कोपरावरचा व्रण त्याच्यापुढे धरला.