माइकवर न घेतलेला शब्द

सेलूच्या बसस्टँडसमोर हरिदास डफरेचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार उपसायची आणि नवी भरायची, हा त्याचा धंदा. पण हरिदास मोटरवाला कुठं राहतो असं विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. हरिदास अर्थवाला म्हणा, दुकानापर्यंत आणून सोडतील.

दहावीत इंग्रजीनं त्याला दोनदा आडवा पाडला होता. त्याचा वचपा त्यानं माइकवरून काढला. गावोगावच्या कबड्डीचे सामने असोत की शारदा उत्सवातली डान्सची स्पर्धा, माइक हरिदासच्याच हाती. तोंडातून इंग्रजी शब्द निघाला की त्याचा अर्थ तिथल्या तिथं द्यायचा, असा त्याचा नेम. रेड म्हणजे सासरी जाऊन भांडे फोडाचे अन् धावत माहेरी याचं. ऑल आउट म्हणजे सारं घर लग्नाले गेलं अन् दाराले कुलूप लागलं. कोरिओग्राफर म्हणजे जो सोता नाचत नाई अन् दुसऱ्यायले दमवते. म्हाताऱ्या पदर तोंडाला लावून हसायच्या. खेळ कळो न कळो, हरिदासला ऐकायला चार गावं लोटायची.

यामागे एक वही होती. डाव्या पानावर खेळाचे शब्द, उजव्यावर नाचाचे. प्रत्येक शब्दाखाली निळ्या पेनानं खरा अर्थ, शाळेतल्या गुरुजींकडून तपासून घेतलेला. त्याखाली लाल पेनानं माइकवरचा अर्थ, म्हणजे हशाचा. लाल अर्थ सुचला नाही तो शब्द तसाच पडून राहायचा. एकदा पेपरात कुठल्याशा क्रिकेटपटूला डोक्याला चेंडू लागून मैदानाबाहेर नेल्याची बातमी होती. तिथला ‘कन्कशन’ हा शब्द त्यानं हौसेनं उतरवला. खाली निळ्यानं लिहिलं, ‘डोक्याला मार लागून मेंदूला हिसका बसणे. गरगरते, ओकारी येते. खेळाडूला लगेच बाहेर बसवणे.’ लाल रेघ कोरी राहिली. मेंदूच्या हिसक्यावर कोण हसणार? तो शब्द त्यानं कधी माइकवर घेतला नाही.

दामिनी कुमरे या वहीची एकुलती एक विद्यार्थिनी. आई रामबाई मजुरीवर जाणारी, बाप नाही. पोरगी एकोणीस वर्षांची, सेलूच्या मुलींच्या संघाची चढाईपटू. जिल्ह्याच्या संघात निवड झाली की खेळाडूंच्या जागेतून पोलिसात लागायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात. तिथं साहेब लोक इंग्रजीत विचारतात असं कोणीतरी तिला सांगितलं होतं. म्हणून सराव आटोपला की ती दुकानाच्या पायरीवर बसून शब्द उतरवून घ्यायची. ‘‘काका, लाल नोका सांगू,’’ ती म्हणायची. ‘‘मले निळं सांगा.’’ हरिदासला याचं कौतुकही वाटे आणि किंचित रागही येई. आपल्या लाल अक्षरांवर सारा तालुका पोट धरून हसतो आणि ही एक पोट्टी त्यांना विचारत नाही.

संक्रांतीनंतर रोहण्याला सामने झाले. दुपारची वेळ, माती टणक, जिल्ह्याचे निवड करणारे दोघं खुर्च्या टाकून बसलेले. सेलूचा संघ दोन गुणांनी मागं होता आणि चार मिनिटं उरली होती. दामिनी चढाईला गेली. तिघींनी तिला धरलं. ती त्यांना ओढत आली आणि मधल्या रेषेला हात लावता लावता डोक्यावर आपटली. गुण मिळाले, मैदान गरजलं. पण दामिनी उठली नाही. ती तिथंच बसून राहिली, हरिदासच्या टेबलापासून दोन हातांवर. तिनं वर पाहिलं. ‘‘काका, गरगर करून राह्यलं,’’ ती हळूच म्हणाली.

हे त्यानं ऐकलं. स्वच्छ ऐकलं. कॅप्टन सुरभीनं बदली खेळाडूसाठी हात वर केला होता, तोही त्यानं पाहिला. पण खेळ थांबलेला, हजार माणसं त्याच्याकडे बघत असलेली आणि हातात माइक. अशा वेळी जीभ काही विचारून हलत नाही.

‘‘मंडळी, याले इंग्रजीत म्हंते ड्रामा,’’ हरिदास म्हणाला. ‘‘ड्रामा म्हणजे, सासूनं भाकरी थापाले सांगतल्या का सुनेचं डोकं दुखते.’’

रोहण्याचं मैदान हसून लोटपोट झालं. निवड करणारे दोघंसुद्धा हसले. दामिनीनं त्या दोघांकडे पाहिलं, सुरभीचा हात खाली केला आणि उभी राहिली. आपल्या संघाची पुढची चढाई तिनंच मागून घेतली. या वेळी कोणी फार जोर लावलाच नव्हता. नुसती पोरींच्या हातांच्या कड्यात सापडली, पडली आणि डोकं पुन्हा टेकलं. मग ती हलली नाही.

वर्ध्याच्या दवाखान्यात ती दोन दिवस होती. पहिल्या मारानंतर बाहेर बसवली असती तर पोरगी वाचली असती, असं डॉक्टरांनी सुरभीला सांगितलं तेव्हा हरिदास मागं भिंतीला टेकून उभा होता. तिसऱ्या दिवशी दामिनी गेली.

त्याला कोणी एका शब्दानं बोललं नाही. खेळात होतेच, लोक म्हणाले. सामने भरवणाऱ्या भैयाजींनी तर शोकसभेत चार शब्द बोलायला त्यालाच बोलावलं. तो गेला नाही. आपण हसलो होतो हे लोक विसरून गेले होते. एकट्यानं काय काय आठवत बसायचं? तो मोटरी उघडत राहिला. तार भरताना वेढे चुकू लागले. वही त्यानं नटबोल्टच्या डब्याखाली सारून दिली.

महिन्याभरानं एका सकाळी रामबाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत दवाखान्याचे कागद. ती रोहण्याला नव्हती. माइकवर काय झालं ते तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं, किंवा कोणी पोचवलं नव्हतं.

‘‘भाऊ, याच्यात काय लिवलं ते सांगा,’’ ती म्हणाली. ‘‘सारे म्हंते डोक्याले लागलं, डोक्याले लागलं. माही पोरगी म्हने, काका खरा अर्थ सांगते.’’

हरिदासनं कागद घेतले. बरेचसे शब्द त्याला येत नव्हते, आणि येत नाहीत असं त्यानं आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं. मग दुसऱ्या पानावर तो एक शब्द आला. कागद परत देऊन ‘मोठ्या डॉक्टरले इचारजो’ म्हणता आलं असतं. तसं म्हणावं असं त्याच्या फार मनात आलं. पण तो उठला, डबा सरकवला आणि वही काढली. निळ्या अक्षरातली ओळ त्यानं वाचली. गरगरते. ओकारी येते. खेळाडूला लगेच बाहेर बसवणे. मग रोहण्याला दामिनी त्याला काय म्हणाली आणि तो माइकवर काय म्हणाला, तेही त्यानं सांगितलं. सासू, सून, भाकरी, सगळं.

रामबाईनं वहीतल्या निळ्या ओळीवर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं.

‘‘हे तुमच्या वहीत पयलेपासून होतं?’’

‘‘हौ.’’

‘‘मंग हासवलं काऊन?’’

याचा अर्थ हरिदासच्या वहीत नव्हता. त्याला वाटलं, आता ही शिव्या देईल, थुंकेल, आणि दिल्या तर बरंच होईल. रामबाईनं पिशवी पायरीवर ठेवली, पदर खोचला आणि दामिनी बसायची तिथंच खाली बसली.

‘‘आणखी एक डाव सांगा,’’ ती म्हणाली. ‘‘हळू सांगा. मले पाठ करा लागते. माही धाकटी बी खेळते.’’

हरिदासनं पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली. प्रत्येक शब्द झाला की रामबाई तो त्याच्या मागून म्हणत होती.