नुसतं देशमुख

दूध उतू गेलं तसा घरमालकीणकाकूंनी हळदकुंकवाचा करंडा माझ्यापुढे धरला. नवीन भाडेकरणीने पहिल्या दिवशी दूध उतू घालवायचं, गॅसला कुंकू लावायचं, ही त्यांच्या घरची रीत. दूध उतू घालवताना मला काहीच वाटलं नाही. माझ्या गावी, हसनाबादला, शेजारणींकडे लहानपणापासून पाहिलेलं. करंडा पाहून मात्र म्हणाले, "काकू, कुंकू तुम्हीच लावा. आमच्यात लावत नाहीत."

"तुमच्यात म्हंजी?"

सांगितलं. नवऱ्याने खोली ठरवताना फक्त आडनाव सांगितलं होतं. देशमुख. ते मुसलमानांतही असतं, हे काकूंच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्यांनी पातेलं उचललं. माझ्याच दुधाचं, माझंच पातेलं. बाहेर नेऊन नालीत ओतलं. मी ओट्यापाशी नुसती उभी. लाज मला वाटली, त्यांना नाही. याचा संताप अजून जात नाही.

संध्याकाळी घरमालक काका आले. आवाज मऊ. "ऱ्हा तुम्ही. मी काय न्हाई म्हनत न्हाई. फक्त दारावर नुस्तं देशमुख लावा. आन् गावाकडनं आई आली, तर तिला म्हनाव, बुरख्यात येऊ नको. गल्लीत कळलं, तर मंग माझ्या हातात काही ऱ्हानार न्हाई."

नवरा लोखंडाच्या रोलिंग मिलमधून भाजून आल्यासारखा आलेला. एमआयडीसीजवळ कुठेच खोली मिळत नव्हती. तो मान डोलावून मोकळा झाला.

पण गल्लीला कळलंच होतं. दुसऱ्या दिवशी बियाण्याच्या कंपनीतून परतताना कोपऱ्यावर मोटारसायकली उभ्या. एकाने हसत विचारलं, "वहिनी, कोणत्या गावचे देशमुख?" गाड्या मागोमाग आल्या, फाटकापर्यंत. इंजिनं चालूच. कोणी हॉर्न वाजवला नाही, शिवी दिली नाही. मी आतून कडी लावली तरी तो आवाज हलेना.

सकाळी नळाला पाणी नव्हतं. काका म्हणाले, मोटार बिघडली. वर त्यांच्या गच्चीवरची टाकी भरून वाहत होती.

मी घागर घेऊन कोपऱ्यावरच्या हापशावर गेले. ती पोरं तिथेच. घागर भरायला लावली आणि त्यांच्यासमोरच गावी फोन लावला. मोठ्याने बोलले.

"अम्मी, आजच आ जाव. हौ, बुरखे में ही आना."

एका पोराने गाडी सुरू केली.

परत येऊन नवऱ्याला सांगितलं, दारावर माझं नाव लागेल, तुझंही, पूर्ण. आज रात्री काय होईल ते मला माहीत नाही. पण या घरातून मला काढायचं असेल, तर माझं पूर्ण नाव घेऊन काढावं लागेल.