तारेखालचा दोरा

चंदीगडला सेक्टर बावीसच्या बाजारात एका फर्निचरवाल्याने दुकानाबाहेरच खुर्च्या पॉलिशला काढल्या होत्या. स्पिरिटमध्ये विरघळलेल्या लाखेचा उग्र, गोडसर वास आला आणि मी भाजीच्या पिशवीसकट जागीच थबकले. अगं बाई, हा तर आमच्या मिरजेच्या घराचा वास! माझे वडील, आमचे अण्णा, तंबोरे घडवायचे. त्यांच्या सदऱ्यालाच काय, उशीलाही हा वास यायचा.

आमच्या गावची गोष्टच न्यारी. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी, तलवारींचे दिवस सरल्यावर, त्याच हातांनी भोपळे कोरले आणि तारा जुळवल्या. अण्णांच्या वडिलांनी त्यांच्याचकडून विद्या घेतली. म्हणूनच कुठेही मैफिलीत तंबोरा झंकारला की, समोरचा ऐको न ऐको, "हा आमच्या मिरजेचा असणार" असं मी सांगतेच. आमचे हे म्हणतात, चंदीगडात मिरजेची वकिली करायला हिला कुणी नेमलंय? कुणी कशाला नेमायला हवं!

लेक सेक्टर बत्तीसला डॉक्टरी शिकते. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. तिच्या वर्गातला एक सरदार मुलगा रबाब वाजवतो. कॉलेजच्या कार्यक्रमात ती अण्णांनी घडवलेल्या आमच्या तंबोऱ्यावर गाणार, तो साथ करणार, म्हणून तालमीला आमच्या एअरोसिटीच्या घरी यायचा. एकाच लाकडातून कोरलेला त्याचा रबाब, पोटावर कातडं ताणलेलं. डोंगरांपलीकडून आलेलं हे वाद्य पंजाबात गुरुद्वारातल्या शबदांच्या, म्हणजे भजनांच्या, संगतीने घरचंच होऊन गेलं. पोकळ पोट, लांब मान, ताणलेली तार. मुलखागणिक रूप बदललं, पण कूळ एकच. "आंटी जी, दोनों रिश्तेदार हैं," तंबोऱ्याकडे बघत तो म्हणाला. मी म्हटलं, "पक्का! पर हमारावाला बड़ा भाई है."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ह्यांनी घोळ घातला. सगळा जन्म हवाई दलाच्या टापटिपीत गेलेला. लोंबता दोरा दिसला की ह्यांचे हात शिवशिवतात. तंबोरा पुसता पुसता तारांखालचे चारही दोरे कात्रीने उडवले, आणि वर म्हणतात, "केवढा कचरा अडकला होता गं!" अहो, कचरा कसला, जीव होता तो तंबोऱ्याचा! तार ज्या घोडीवर टेकते तिथे सुताचा तो तुकडा नेमका बसला तरच तार गुंजते. त्या गुंजण्यालाच जवारी म्हणतात. जागा जराशी चुकली की नुसता ठणठणाट.

मिरजेला पाठवायला वेळ कुठे होता? मीच नवे दोरे ओवले, सरकवत गेले आणि म्हटलं, "झालं." लेक म्हणाली, "नहीं आई, आवाज़ अभी बंद है." पुन्हा सरकवले. "अभी भी बंद है." मला दोन्ही वेळचा नाद सारखाच ऐकू येत होता. कानांतून बारीक, वरचे आवाज जाऊ लागलेत असं डॉक्टर म्हणाले होते, ते मी हसण्यावारी नेलं होतं. अण्णांची मुलगी मी, आणि मलाच जवारी ऐकू येऊ नये! रडूच कोसळलं. हे बिचारे कात्री हातात घेऊन उभे.

लेकीने तंबोरा आडवा घेतला. एका हाताने तार छेडत, दुसऱ्याने दोरा हळूहळू ओढत राहिली. घाई म्हणून नाही. हे तिला कुणी शिकवलं? मी तर नाही. मध्येच ती थांबली, दोरा किंचित मागे घेतला, आणि तिचा चेहरा असा काही उजळला की मला विचारायची गरजच उरली नाही. एकेक करून चारही तारा तिने बोलत्या केल्या. "ओए होए!" म्हणत शेवटच्या तालमीला आलेल्या त्या मुलाने रबाब उचलला.

"आई, सुनाई दिया?"

"नाही गं," मी म्हटलं.

ती कावरीबावरी झाली. मी तिचा हात धरला. माणसाकडून काळ एकेक गोष्ट काढून घेतो, त्याला कोण अडवणार? पण माझ्याकडून नेलेलं त्याने फार लांब नेलं नव्हतं. माझ्याच पोरीच्या कानात ठेवलं होतं.

"तुला येतंय ना ऐकू?" मी म्हटलं. "मग गा."