पत्ते पडताळणीची चौकट

"काम कोण करतं ते विचारू नका. तो रजेवर गेला की काय अडतं, ते विचारा."

नव्यांना शिकवताना चौकटराव एकदा एवढंच बोलले आणि जिना चढायला लागले. गुडघे धरलेले, आणि त्यांच्या कामाला जिने फार.

दवाखान्यांना औषधं पुरवणाऱ्या कंपनीत कुठलं काम कुठल्या माणसाच्या आणि कुठल्या यंत्रणेच्या जिवावर चालतं, त्याचा तक्ता ते ठेवत. तिसऱ्या मजल्यावरची अख्खी भिंत त्या तक्त्याची. कामागणिक एक चौकट. माणूस करत असेल तर तिच्यात पिवळी चिठ्ठी, संगणक करत असेल तर निळी. खाली कोपऱ्यात त्यांची सही. सहीशिवाय तक्ता वर जात नसे, आणि तक्ता वर गेल्याशिवाय कुणाला काढायचं ती यादी मंजूर होत नसे. बावीस वर्षांत भिंत हळूहळू निळी पडत गेली. डबा खाताना ते तिच्याकडे पाठ करून बसत.

घरी बायको म्हणायची, "अहो, एकदा आपल्या घरातली कामंही मांडा की. तुमच्या चौकटीत जेवणं तेवढं येईल." ते म्हणत, तेही तूच वाढतेस.

या खेपेला यादीत पत्ते पडताळणाऱ्या ताई होत्या. मोठ्या साहेबांनी वर्षापूर्वी महागडं सॉफ्टवेअर आणलं, आणि त्या खोलीतल्या चौघांपैकी त्या एकट्याच उरल्या. घरात बाळंतीण लेक, आणि मिळवत्या त्याच. चौकटराव त्यांच्या खोलीत गेले तेव्हा ताईंनी रडगाणं गायलं नाही. खुर्ची पुढे सरकवली आणि सांगितलं की काम मशीनच करतं, मी नुसती नजर टाकते.

चौकटरावांनी नेहमीप्रमाणे रजेचं विचारलं. लेकीच्या बाळंतपणाला तीन दिवस, ताई म्हणाल्या. चौकटराव तळमजल्यावर गोदामात गेले, परतीचं रजिस्टर उघडलं. त्या तीन दिवसांत एक्केचाळीस खोकी परत आली होती. पुढे सॉफ्टवेअर दोन दिवस बंद पडलं होतं, तेव्हा एकही नाही. दवाखाने जागा बदलत, सॉफ्टवेअर जुनाच पत्ता बरोबर धरी, आणि ताई रोज सकाळी फोन करकरून खऱ्या जागा विचारून घेत.

पुन्हा जिना चढून त्यांनी विचारलं, हे सांगितलं का नाहीत?

"मशीन चुकतं म्हटलं, दादा, तर म्हणतील बाईला नवं शिकायला नको."

चौकटरावांनी निळी चिठ्ठी काढून पिवळी लावली. खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब तक्त्यासमोर उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. त्यांनी रजिस्टरमधला हिशेब ऐकून घेतला, चष्मा पुसला. मग म्हणाले, "एका चिठ्ठीपायी सगळं सॉफ्टवेअर खोटं पाडायचं? तुम्ही चौकटी आखा, चौकटराव. त्यात कोण राहील ते आम्ही बघू." आणि पिवळीवर निळी चिकटवली. अंगठ्याने दाबून बसवली. सही तर आहेच, म्हणाले.

असंच पूर्वी एकदा टेलिफोनच्या खोलीतल्या दोघी बहिणींचं झालं होतं. तेव्हा चौकटराव खिडकीबाहेर बघत राहिले आणि सही जागेवर राहिली. त्यातली धाकटी नंतर भाजीच्या दुकानात भेटली. तिने कामाचा विषयही काढला नाही. त्यांचे गुडघे कसे आहेत, ते विचारलं.

चौकटरावांनी पेन काढलं. वाकायला वेळ लागला. चौकट आखावी तशा दोन सरळ रेघा त्यांनी स्वतःच्या सहीवर ओढल्या. पेनाला टोपण लावलं आणि कोपऱ्यातला डबा उचलला.

"अहो, तुम्हीच असे निघालात तर यादी मंजूर व्हायची कशी?" साहेबांनी विचारलं.

चौकटराव कठडा धरून, एकेक पायरी मोजत असल्यासारखे, जिना उतरत राहिले.